वर्ल्ड सिरीजमध्ये ‘वर्ल्ड’ कोठून आले? भव्य नावाचा उगम शोधण्याची रीत

२०२५ सालच्या नोव्हेंबरमधील पहिल्या रविवारी सकाळी देवगड तालुक्यातील आमच्या घराच्या खळ्यात चार-पाच मुले एका मोबाईलभोवती डोकी जुळवून बसली होती. भातकापणी उरकत आली होती, कुणगे रिकामे होऊ लागले होते, आणि त्या रिकाम्या कुणग्यांत भरणाऱ्या टेनिस बॉल क्रिकेटच्या सामन्यांचे बेत आखण्याचे हेच दिवस. मोबाईलवर मात्र क्रिकेट नव्हते. टोरंटो येथे शनिवारी रात्री सुरू झालेला बेसबॉलचा सामना आपल्याकडे रविवारचे नऊ वाजून गेले तरी संपला नव्हता. अखेर अकराव्या डावात लॉस एंजेलिस डॉजर्स संघाने टोरंटो ब्लू जेजवर ५–४ अशी मात केली आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक बेसबॉलची विजेतेपदाची मालिका, जिंकली. तेव्हा शेजारच्या वाडीतील एका मुलाने मान वर करून विचारले, “गुरुजी, खेळतत सगळे थयलेच आणि नाव मात्र वर्ल्ड, ह्या कसा काय?”

शिक्षकाच्या नोकरीत हा प्रश्न मला पूर्वीही विचारला गेला होता, आणि अनेक वर्षे मी त्याचे चुकीचे उत्तर देत आलो होतो. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ नावाच्या वर्तमानपत्राने ही स्पर्धा पुरस्कृत केली, म्हणून तिच्या नावात ‘वर्ल्ड’ आले, असे मी कोठेतरी वाचले होते आणि तसेच वर्गात सांगितले होते. ते उत्तर ऐकताक्षणी पटते, त्यात एक गंमतीदार वळण आहे आणि ते विसरले जात नाही. म्हणूनच ते तपासून पाहण्याची गरज मला कधी वाटली नाही. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा मी ते तपासले. ज्या मुलांना मी चुकीचे शिकवले त्यांतील बरीच आज मुंबईत, पुण्यात, काही आखातात आहेत. त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचावी, आणि अशा नावांचा शोध घेऊ पाहणाऱ्या कोणालाही कामाची रीत हाती लागावी, यासाठी हे लिहीत आहे.

प्रश्न आधी नीट मांडून घ्यावा

शोधाला लागण्यापूर्वी प्रश्न कागदावर एका वाक्यात लिहून काढावा आणि त्यातील प्रत्येक शब्द खरा आहे का, ते पाहावे. आपण सहजपणे म्हणतो, “अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेला जागतिक नाव का?” या वाक्यातील ‘अमेरिकेच्या राष्ट्रीय’ हे शब्दच पुरते बरोबर नाहीत. आज या व्यावसायिक बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. त्यांपैकी २९ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील असून एक, टोरंटोचा, कॅनडातील आहे. १९६९ ते २००४ या काळात मॉन्ट्रियलचाही संघ होता. टोरंटोने १९९२ आणि १९९३ अशी लागोपाठ दोन वर्षे वर्ल्ड सिरीज जिंकलेली आहे. खेळाडूंचे म्हणाल तर डॉमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएला, क्युबा, जपान अशा अनेक देशांचे लोक त्यात आहेत, आणि २०२५ च्या मालिकेत सर्वोत्कृष्ट ठरलेला योशिनोबू यामामोतो जपानी आहे.

म्हणजे ‘राष्ट्रीय’ हा शब्द थोडा चुकतो आणि ‘जागतिक’ हा पुष्कळ चुकतो. हे लक्षात आले की एका प्रश्नाचे तीन प्रश्न होतात: हे नाव प्रथम केव्हा वापरले गेले, तेव्हा ते कशासाठी वापरले गेले, आणि परिस्थिती बदलल्यावरही ते का टिकले. ही तीन उत्तरे वेगवेगळ्या काळांतील आहेत. त्यांची सरमिसळ झाली की दंतकथेला वाव मिळतो.

नावाचे जुने रूप शोधावे

आज दिसणारे नाव हे पुष्कळदा झिजून उरलेले रूप असते. ‘वर्ल्ड सिरीज’ या दोन शब्दांवर कितीही विचार केला तरी उलगडा होत नाही, कारण मूळ नाव तीन शब्दांचे होते: ‘वर्ल्ड्स चॅम्पियनशिप सिरीज’, म्हणजे जगज्जेतेपदाची मालिका. पुढे मधला शब्द गळाला आणि ‘वर्ल्ड्स सिरीज’ राहिले. विसाव्या शतकात हळूहळू ‘वर्ल्ड्स’मधील षष्ठीचा ‘स’ही गेला.

मराठी वाचकाला हे समजावून घेणे इंग्रजी वाचकापेक्षा सोपे जावे, कारण आपण शाळेतच मध्यमपदलोपी समास शिकतो. नारळीभात म्हणजे नारळ घालून केलेला भात. ‘घालून केलेला’ हे शब्द लोपले असले तरी ते मनात धरल्याशिवाय अर्थ लागत नाही. वर्ल्ड सिरीज हाही त्याच घडणीचा शब्द आहे, आणि त्याचा विग्रह ‘जगज्जेतेपद ठरवण्यासाठी खेळली जाणारी मालिका’ असा होतो. ‘जग’ हा शब्द मालिकेचे वर्णन करत नसून पदवीचे वर्णन करतो. मधले पद लोपल्यामुळे मात्र ऐकणाऱ्याला वाटते की मालिकेत सारे जग खेळते. कोणत्याही स्पर्धेचे, संस्थेचे किंवा गावाचे नाव अभ्यासताना ‘येथे मधून एखादा शब्द गळाला आहे का’ हे विचारून पाहावे. माझ्या अनुभवात निम्मे काम तेथेच होते.

त्या काळाची भाषाही पाहावी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत हा ‘वर्ल्ड्स’ शब्द मोठ्या उत्सवांना आणि पदव्यांना सर्रास लावला जात असे. १८९३ मध्ये शिकागोला भरलेल्या भव्य प्रदर्शनाचे नाव ‘वर्ल्ड्स कोलंबियन एक्स्पोझिशन’ असे होते, आणि त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. बेसबॉलच्या मालिकेला ते विशेषण मिळणे त्या वेळच्या लोकांना अजिबात खटकण्यासारखे नव्हते.

खालची पायरी कोणी अडवली होती, हे पाहावे

या शोधातील सर्वांत मोलाची गोष्ट मला आमच्या गावच्या एका ढालीने शिकवली, म्हणून आधी तिच्याविषयी सांगतो. ती ढाल आमच्या मंडळाच्या कपाटात आहे. फणसाच्या लाकडाची, हाताएवढी उंच, आणि तिच्यावर दरवर्षीच्या विजेत्याचे नाव कोरलेली पितळेची एकेक पट्टी दोन बारीक स्क्रूंनी बसवलेली. वरच्या पट्ट्या काळवंडल्या आहेत. चिंच लावून घासल्याशिवाय अक्षरे उमटत नाहीत. पहिल्या काही पट्ट्यांवर ‘वाडी सामने’ एवढेच शब्द आहेत. मग एका वर्षापासून एकाएकी ‘तालुका विजेता’ असे कोरलेले दिसते. गंमत अशी की त्या वर्षीही तालुक्यातील दुसऱ्या कोणत्याच गावाचा संघ खेळलेला नव्हता. पट्टीवर नाव असलेला संघ आमच्याच गावच्या वरल्या अंगाचा होता.

जुन्या खेळाडूंना विचारल्यावर कारण कळले. तोवर गावात दोन मंडळे झाली होती आणि दोघेही आपापल्या सामन्यांना ‘गाव चषक’ म्हणत असत. दोन्ही चषकांच्या विजेत्यांनी एकमेकांशी खेळायचे ठरले, तेव्हा त्या सामन्याला काय म्हणावे? ‘गाव विजेता’ म्हणता येईना, कारण ती पदवी दोघांकडेही आधीच होती. वरची पायरी म्हणून ‘तालुका’ हा शब्द घेतला गेला. कोणाला फसवण्याचा हेतू नव्हता. खालची पायरी आधीच अडवलेली होती, एवढेच.

अमेरिकेत नेमके हेच घडले होते. नॅशनल लीग ही संघटना १८७६ मध्ये सुरू झाली आणि १८८२ पासून अमेरिकन असोसिएशन नावाची दुसरी संघटना तिच्याशी स्पर्धा करू लागली. १८८४ च्या ऑक्टोबरमध्ये पहिलीचा विजेता प्रॉव्हिडन्स ग्रेज आणि दुसरीचा विजेता न्यूयॉर्क मेट्रोपोलिटन्स यांच्यात न्यूयॉर्क येथे तीन सामने झाले. तिन्ही सामन्यांत प्रॉव्हिडन्सच्या चार्ल्स रॅडबोर्नने पिचिंग, म्हणजे चेंडू टाकण्याचे काम, केले आणि तिन्ही त्याच्या संघाने जिंकले. त्या सामन्यांची जाहिरात संयुक्त संस्थानांचे अजिंक्यपद म्हणून झाली होती, परंतु काही वर्तमानपत्रांनी विजेत्यांना ‘जगज्जेते’ म्हटले. स्पाल्डिंग कंपनी दरवर्षी बेसबॉलची एक मार्गदर्शिका छापत असे. तिच्या १८८७ च्या आवृत्तीत या नावामागचे कारण उघडपणे दिलेले आहे. दोन्ही संघटना आपापल्या स्पर्धेला ‘संयुक्त संस्थानांचे अजिंक्यपद’ म्हणत होत्या. मग देशाचे दोन अजिंक्यवीर एकमेकांशी खेळले, तर त्या लढतीला देशापेक्षा मोठे नाव हवे. देशाच्या वरची पायरी जगाची.

मी जेव्हा हे वाचले तेव्हा उठून मंडळाच्या कपाटाकडे गेलो आणि ती पट्टी पुन्हा एकदा घासून पाहिली.

तेव्हा कोणत्याही भव्य नावाविषयी हा प्रश्न आवर्जून विचारावा: हे नाव ठेवले गेले त्या दिवशी त्याच्याहून लहान नाव कोणाकडे होते? नावाचा आकार प्रत्यक्ष व्याप्तीवरून ठरतोच असे नाही. तो प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवरूनही ठरतो. १८९० नंतर ही मालिका थांबली, १८९१ च्या हंगामानंतर अमेरिकन असोसिएशन मोडली आणि एकच मोठी संघटना उरली. १८९४ ते १८९७ या काळात तिच्यातील पहिल्या दोन क्रमांकांचे संघ ज्या करंडकासाठी खेळले, त्याला देणगीदाराच्या नावावरून ‘टेम्पल कप’ म्हणत. त्यानंतर अमेरिकन लीगने १९०१ मध्ये मोठी संघटना असल्याचा दावा केला, तिचे आणि नॅशनल लीगचे भांडण १९०३ मध्ये मिटले, पिट्सबर्गचे मालक बार्नी ड्रायफस आणि बोस्टनचे मालक हेन्री किलिली यांनी आपल्या संघांमध्ये नऊ सामन्यांची मालिका ठरवली, आणि अडगळीतले जुने नाव पुन्हा बाहेर आले. १ ऑक्टोबर १९०३ रोजी बोस्टनला पहिला सामना झाला आणि १३ तारखेला बोस्टनने मालिका ५–३ अशी जिंकली. आजची वर्ल्ड सिरीज तेथून मोजतात.

दंतकथेची परीक्षा

आता वर्तमानपत्राच्या कथेकडे वळू. एखादी कथा खोटी ठरवण्याची घाई करू नये. आधी ती खरी आहे असे मानावे आणि ती खरी असती तर मागे काय काय उरले असते, याची यादी करावी. वर्तमानपत्राने पैसे दिले असते तर त्याने स्वतःच्या पानांवर ते ठळकपणे छापले असते. तिकिटांवर, जाहिरातींत, प्रतिस्पर्धी वर्तमानपत्रांच्या टीकेत त्याचा उल्लेख आला असता. १९०३ सालचे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’चे अंक अभ्यासकांनी या दृष्टीने पाहिलेले आहेत आणि त्यांत पुरस्काराचा असा दावा सापडत नाही.

पुरस्कार खरोखर असतो तेव्हा काय होते, हे आपल्या पिढीने क्रिकेटमध्ये पाहिले आहे. १९७५ मध्ये पुरुषांचा पहिला क्रिकेट विश्वचषक इंग्लंडमध्ये झाला, आठ संघ खेळले, आणि पैसा प्रुडेन्शियल या विमा कंपनीचा होता. स्पर्धेचे नावच ‘प्रुडेन्शियल कप’ होते. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर कपिल देवच्या संघाने जिंकला तो हाच कप, आणि तेव्हाच्या बातम्यांत, तिकिटांवर आणि छायाचित्रांत कंपनीचे नाव जागोजागी आढळते. ज्याने पैसे मोजले त्याचे नाव असे लपून राहत नाही.

दुसरी कसोटी काळाची. येथे एक सावधगिरी बाळगावी, कारण मी स्वतः प्रथम येथेच घसरलो होतो. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ हे वर्तमानपत्र १८६० मध्ये सुरू झाले, १८८३ मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी ते विकत घेतले आणि १९३१ मध्ये ते बंद पडले. म्हणजे नाव जन्मले तेव्हा ते चालू होते आणि केवळ तारखांवरून कथा खोडता येत नाही. ते अस्तित्वात असणे हा मात्र पुरावाही होत नाही. आमच्या गावात टपाल कचेरी होती म्हणून ढालीवरील पट्टी टपाल खात्याने दिली, असे कोणी म्हणणार नाही. कथा सहसा १९०३ च्या मालिकेशी जोडली जाते, आणि ‘जगज्जेतेपद’ हा शब्द त्याआधी सुमारे दोन दशके प्रचारात होता, ही बाब अधिक महत्त्वाची आहे.

तिसरी कसोटी साध्या व्यवहाराची आहे आणि ती मला सर्वांत पटते. १९०३ ची मालिका बोस्टन आणि पिट्सबर्ग यांच्यात झाली. न्यूयॉर्कचा संघ तिच्यात नव्हता. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राने दोन परक्या शहरांच्या सामन्यांवर आपले नाव का लावावे? पुढच्या वर्षी, १९०४ मध्ये, न्यूयॉर्क जायंट्सने नॅशनल लीग जिंकली. परंतु मालक जॉन ब्रश आणि व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यांनी अमेरिकन लीगच्या विजेत्याशी खेळण्यास नकार दिला आणि त्या वर्षी मालिकाच झाली नाही. १९०५ मध्ये याच ब्रश यांच्या पुढाकाराने नियम ठरले आणि मालिका नियमित झाली. या सगळ्या घडामोडींत वर्तमानपत्राला कोठेही जागा नाही.

जुन्या छापील मजकुरात शोध कसा घ्यावा

आमच्याच तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, याचा आम्हांला अभिमान आहे. तारीख छापलेले पान हे आठवणीपेक्षा भक्कम असते, हे कोकणातील वाचकाला वेगळे सांगायला नको. अमेरिकेची जुनी वर्तमानपत्रे पाहण्यासाठी आता कोठे जावे लागत नाही. तेथील काँग्रेस ग्रंथालयाने ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या नावाने असंख्य जुने अंक मोफत खुले केले आहेत, आणि न्यूयॉर्क वर्ल्डची सायंकाळची आवृत्ती ‘द इव्हिनिंग वर्ल्ड’ त्यांत आहे. मोबाईलवर पाने उघडतात, परंतु अक्षरे बारीक असल्याने शाळेच्या किंवा वाचनालयाच्या संगणकावर बसणे बरे.

शोधताना इंग्रजी अक्षरांत शब्द टाकावे लागतात. एकोणिसाव्या शतकात ‘बेस’ आणि ‘बॉल’ हे दोन शब्द सुटे लिहिले जात, म्हणून जोडून लिहिलेला शब्द टाकल्यास जुन्या बातम्या हाती लागत नाहीत. मी दोन संध्याकाळी याच कारणाने वाया घालवल्या. ‘वर्ल्ड सिरीज’ऐवजी ‘वर्ल्ड्स सिरीज’ आणि ‘वर्ल्ड्स चॅम्पियनशिप’ अशी दोन्ही रूपे टाकून पाहावीत. यंत्राला जुनी, पुसट छपाई नीट वाचता येत नाही, त्यामुळे शब्द सापडला नाही म्हणजे तो नव्हता असे समजू नये. सामन्याची तारीख माहीत असेल तर दुसऱ्या दिवसाचा अंक उघडून खेळाचे पान डोळ्यांनी वाचावे. वर्षे उलट्या क्रमाने घ्यावीत, म्हणजे १९०५, मग १९०३, मग १८८९, असे मागे जावे. नाव जसजसे बदलत जाते तसतसे पुढचे शोधशब्द आपोआप मिळतात. सापडलेल्या प्रत्येक उल्लेखाची तारीख, वर्तमानपत्र आणि पान त्याच क्षणी वहीत लिहावे.

गावच्या नावांचा शोध घ्यायचा असेल तर साधने वेगळी, रीत तीच. मंडळांची पावतीपुस्तके, हँडबिले, वार्षिक अहवाल आणि ढालींवरच्या पट्ट्या पाहाव्यात. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे. आपल्या तालुक्याच्या गावचे वाचनालयही विचारल्याशिवाय सोडू नये. म्हाताऱ्या माणसांना विचारताना “हे नाव का पडले?” असे विचारू नये, कारण त्यावर कथा मिळते, “आधी काय म्हणत होता?” असे विचारावे, म्हणजे आठवण मिळते.

सोयीचे दुसरे उत्तर

वर्तमानपत्राची कथा सोडलेले लोक बहुधा दुसऱ्या उत्तराकडे वळतात: तेव्हा जगात दुसरे कोणी बेसबॉल खेळतच नव्हते, म्हणून अमेरिकेचा विजेता हाच जगाचा विजेता. हेही तपासावे. जपानमध्ये होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने १८७२ मध्ये विद्यार्थ्यांना हा खेळ शिकवला होता. क्युबामध्ये १८७८ पासून बेसबॉलची लीग चालू होती. अल्बर्ट स्पाल्डिंग यांनी १८८८–८९ मध्ये दोन अमेरिकन संघ घेऊन जगप्रवास केला, तेव्हा त्यांनी ऑस्ट्रेलियानंतर कोलंबोला आणि पुढे इजिप्तमध्ये पिरॅमिडांजवळ सामने खेळून दाखवले. आपल्या शेजारच्या सिंहलद्वीपात १८८९ च्या जानेवारीत बेसबॉल खेळला गेला, हे वाचून मला नवल वाटले. एवढे मात्र खरे की सर्वांत बलवान व्यावसायिक संघ अमेरिकेतच होते आणि त्यांना हरवू शकेल असा परदेशी संघ तेव्हा नव्हता.

या नावाने खुद्द घरातली किती माणसे बाहेर ठेवली, हे मला त्याहून अधिक अस्वस्थ करते. ज्या १८८४ साली ‘जगज्जेते’ हा शब्द वर्तमानपत्रांत आला, त्याच वर्षी मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून अमेरिकन असोसिएशनमध्ये खेळत होता. त्यानंतर मोठ्या संघटनांनी कृष्णवर्णीयांना दारे बंद केली आणि १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरेपर्यंत ती बंदच राहिली. मुलांना या नावाची कथा सांगताना हा भाग गाळू नये. ‘जग’ या शब्दाची व्याप्ती मोजायची तर देशांची संख्या मोजून भागत नाही. मैदानाबाहेर कोण उभे होते, तेही पाहावे लागते.

नाव का टिकले

नाव एकदा रुळले की ते व्याप्तीच्या मागे धावत नाही. उलट इतर लोक ते उसने घेतात. १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये ग्रेट ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात हौशी संघांची मालिका झाली, ब्रिटनने ती जिंकली आणि तिला ‘अमॅच्युअर वर्ल्ड सिरीज’ असे नाव मिळाले. पुढे तिच्यातून बेसबॉलचा विश्वचषक वाढला. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियात केरी पॅकर यांनी बंडखोर क्रिकेट सुरू केले तेव्हा त्यांनीही ‘वर्ल्ड सिरीज क्रिकेट’ हेच शब्द निवडले. राष्ट्रांच्या संघांची मोठी स्पर्धा २००६ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिला ‘वर्ल्ड बेसबॉल क्लासिक’ असे वेगळे नाव घ्यावे लागले, कारण जुने नाव शंभर वर्षांपूर्वीच दुसरीकडे बसलेले होते. तिचे पहिले दोन विजेतेपद, २००६ आणि २००९ चे, जपानकडे गेले.

आपल्याकडे याच्या उलट उदाहरणे आहेत आणि ती शेजारी ठेवली की फरक स्पष्ट होतो. १८७८ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेले संमेलन ‘ग्रंथकार संमेलन’ होते. चिपळूणला २०१३ मध्ये भरले ते ‘अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन’. तेथे नाव टप्प्याटप्प्याने वाढत गेले. मुंबईच्या जुन्या क्रिकेटमध्ये तर नाव अक्षरशः मोजून बदलत असे: १९०७ मध्ये तिरंगी, १९१२ मध्ये चौरंगी, १९३७ मध्ये पंचरंगी सामने. धर्मांवरून संघ पाडण्याची ती पद्धत योग्य नव्हती आणि ती बंद झाली हे बरेच झाले. परंतु नावापुरते बोलायचे तर किती संघ आहेत, हे ऐकणाऱ्याला विचारावे लागत नसे.

आपल्या स्पर्धेचे नाव ठेवताना

त्या रविवारी हे सगळे मुलांना सांगून झाल्यावर विषय आमच्या कुणग्यातील सामन्यांवर आला. मुंबईचे चाकरमानी यंदा मोठी वर्गणी देणार होते आणि फ्लेक्सवर ‘कोकण वर्ल्ड कप’ लिहावे, असा काहींचा आग्रह होता. संघ आठ, त्यांतील सहा आमच्या गावच्या वाड्यांचे आणि दोन खाडीपलीकडचे. मी त्यांना नाही म्हटले नाही. एवढेच सुचवले की नाव कोणतेही ठेवा, परंतु मंडळाच्या वहीत ते नाव कोणी सुचवले, त्याआधी काय नाव होते, दुसऱ्या कोणत्या मंडळाकडे तेव्हा कोणते नाव होते आणि प्रत्यक्ष किती संघ खेळले, हे तारीख घालून लिहा. देणगीदाराचे नाव स्पर्धेला द्यायचे असेल तर पावतीची दुसरी प्रत वहीला टाचून ठेवा. मधला शब्द गाळून नाव आखूड केले तर पूर्ण नावही एकदा लिहून ठेवा. आणि वाडीतील एखाद्या घराच्या मुलांना संघात घेतले जात नसेल, तर ते आधी दुरुस्त करा; फ्लेक्स नंतर छापता येईल.

मुलांनी बराच वेळ आपसात वाद घातला. शेवटी ढालीसाठी नवी पट्टी करायला दिली तेव्हा तिच्यावर गावाचे नाव, वर्ष आणि त्याखाली लहान अक्षरांत ‘सहभागी संघ ८’ असे कोरायला सांगितले. देवगडहून ती पट्टी आली त्या संध्याकाळी दोन बारीक स्क्रू मिळेनात, म्हणून ती अजून कपाटात ढालीशेजारी कागदात गुंडाळून ठेवलेली आहे.